सहाशे शब्दांची वाट : लहान लेख लिहू पाहणाऱ्यांसाठी

रविवारच्या पुरवणीत मोठ्या लेखांच्या कडेला एक उभा रकाना असतो. पाचसहाशे शब्द, वर नाव, कधी एखादं रेखाचित्र. चहाचा कप संपेपर्यंत वाचून होतो. कुणी त्याला ललित म्हणतं, कुणी स्फुट, जुनी माणसं अजून लघुनिबंध म्हणतात. मी अठरा वर्षं असे लेख लिहितेय आणि त्यातली पहिली सहा वर्षं दुसऱ्यांचे लेख माझ्या नावावर लिहिण्यात गेली. चोरी नव्हे, शब्द माझेच होते. चाल उसनी होती. तुमची ही सहा वर्षं दोनेक वर्षांत उरकावीत, म्हणून हा खटाटोप.

माझी नोकरी बँकेतली. सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत, काउंटरवर. हे का सांगितलं ते पुढे येईल.

आधी नक्कल पुरती करून घ्या

उसन्या चालीतून सगळ्यांनाच जावं लागतं, तर ती नीट उसनी घ्यावी. आवडता एक लेख निवडा आणि वहीत हाताने उतरवून काढा. टाइप करू नका. हाताने लिहिताना वाक्य कुठे वळलं, पूर्णविराम कुठे पडला हे बोटांना कळतं. मग पेन्सिल घेऊन पाहा : पहिली डोळ्यांना दिसणारी वस्तू कितव्या ओळीत आली? ‘मी’ कधी आला? शेवटच्या चार ओळींत लेखक काय करतो, सांगतो की दाखवतो? आता त्याच सांगाड्यावर तुमच्या घरातला एक प्रसंग चढवा. असं तीन वेगवेगळ्या लेखकांबाबत करा. कुठेतरी पेन अडेल. त्या लेखकाने जिथे विनोद केला असता तिथे तुम्हाला विनोद करावासा वाटणार नाही, किंवा तो जिथे हळवा झाला तिथे तुम्हाला हसू येईल. अडलेल्या जागेपाशी समासात फुली मारा. या फुल्या पुढे कामाला येतात.

साच्यात अडकणं म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्याच साहित्यात आहे. १९३०च्या दशकात ना. सी. फडके, अनंत काणेकर, वि. स. खांडेकर या मंडळींनी लघुनिबंध घरोघरी पोचवला. एखादी क्षुल्लक वस्तू घ्यायची, तिच्याभोवती गप्पा मारल्यासारखं हिंडायचं आणि जाता जाता जीवनाबद्दल काहीतरी म्हणायचं. त्यांच्या हातात ते ताजं होतं. मागून आलेल्या कित्येकांच्या हातात त्याचं पीठ पडायचं यंत्र झालं : वर छत्री टाका, खालून तत्त्वज्ञान बाहेर.

त्यातून वाट निघाली ती वेगळ्याच बाजूने. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या. माणसं एकमेकांची कोण लागतात, हा त्यांचा रोजचा कामाचा प्रश्न. १९४९च्या ‘परिपूर्ती’मधल्या त्याच नावाच्या लेखात त्यांनी तो प्रश्न स्वतःलाच लावला : अमक्याची सून, तमक्याची बायको अशा ओळखी होत जातात आणि शेवटी रस्त्यातली पोरं त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात. दुर्गा भागवतांनी १९५६च्या ‘ऋतुचक्र’मध्ये एकेक महिना घेतला. झाड, पान, पाखरू पाहण्याची अभ्यासकाची नजर आणि लोकसाहित्याचा व्यासंग या दोन्हींशिवाय ते पुस्तक झालं नसतं. दोघींनी शैली शोधायला म्हणून वेळ काढला असेल असं मला वाटत नाही. त्या जिथे उभ्या होत्या तिथून त्यांना जे दिसत होतं, ते दुसऱ्या कुणाला दिसतच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आमचा कसला व्यासंग? माझाही नव्हता. माझ्याकडे काउंटर होता.

वही : मत लिहायला बंदी

दोन महिने एक वही चालवा. शंभर पानी, खिशात किंवा पर्समध्ये मावणारी. रोज पाच ओळी, जास्त नाहीत. नियम एकच : त्या पाच ओळींत तुमचं मत येता कामा नये. पोलिस पंचनाम्यात जसं ‘दाराला बाहेरून कडी, आत पितळी समई, वात विझलेली’ असं लिहितात, तसं लिहायचं. कुठे, किती वाजता, कोण काय करत होतं. आणि त्या दिवशी ऐकलेलं निदान एक वाक्य, बोलणाऱ्याच्या तोंडात होतं तसंच्या तसं. ‘लई’ म्हणाला असेल तर ‘खूप’ करू नका.

पहिल्या आठवड्यात वही अगदी नीरस वाटेल. माझ्या वहीची पहिली नोंद होती : ‘अकरा वीस. टोकन ३४. बाई चप्पल दाराशी काढून आत आली.’ तेव्हा मला वाटलं, यात लिहिण्यासारखं काय आहे? चप्पल काढणारी ती बाई चार वर्षांनी एका लेखात आली.

विशेषणं टाळा. ‘निसर्गरम्य’, ‘हृदयस्पर्शी’, ‘केविलवाणा’ हे शब्द वहीत आले की समजा, तुम्ही त्या क्षणी बघणं थांबवलं होतं.

नोंदी वाचून खूण ओळखा

साठ दिवस झाले की वही आठवडाभर कपाटात टाका. मग एका बैठकीत सगळी वाचा, लाल पेन्सिल हातात घेऊन. चांगली नोंद कोणती हे शोधू नका. परत परत काय आलंय ते शोधा.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही, कारण वरवरची पुनरावृत्ती फसवते. मला आधी वाटलं, माझा विषय म्हातारी माणसं. नोंदींत ती पुष्कळ होती खरी, पण बँकेत सकाळी येतातच म्हातारी माणसं, त्यात माझं काय कर्तृत्व? दुसऱ्यांदा वाचताना ज्या नोंदी घरच्या होत्या, त्याही बाजूला काढल्या. शेजारीण विरजण मागायला आली ती. भाच्याने वर्गात शार्पनर मागितला आणि मिळाला नाही ती. एसटीत एकाने खिडकीची जागा मागितली ती. काउंटरवर पेन मागणारे, सुटे मागणारे, पाणी मागणारे तर होतेच. एकशे सत्तर-ऐंशी नोंदी असतील. त्यातल्या पन्नासच्या वर नोंदींत कुणीतरी कुणाकडे काहीतरी मागत होतं. मी जन्मभर देणाऱ्याच्या बाजूला बसून मागणाऱ्यांचे चेहरे पाहत आलेय, हे मला त्या दिवशी कळलं.

खूण ओळखायला तीन प्रश्न उपयोगी पडतात. ही गोष्ट घरी आणि बाहेर, दोन्हीकडे दिसते का? हिच्याबद्दल लिहिताना मला थोडी लाज वाटते का? आणि माझ्या जागी बसलेल्या दुसऱ्या माणसाने हे टिपलं असतं का? पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्याला नाही असं उत्तर आलं, तर तिथे थांबा. सापडलं नाही तर आणखी दोन महिने वही चालवा. काही जणांना वर्ष लागतं.

नक्कल करताना मारलेल्या फुल्या आता काढा. माझ्या बहुतेक फुल्या लेखकाने गरिबाबद्दल कळवळा दाखवला त्या जागी होत्या. काउंटरवर बसणाऱ्याला तसा कळवळा शोभत नाही. तो स्वतःच रांग लावणारा असतो.

एकच प्रसंग, तीन मसुदे

आता खरं काम. माझ्याच एका लेखाचं पोस्टमॉर्टेम करून दाखवते.

प्रसंग असा : सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी पैसे काढायला आले. स्लिपवरची सही आमच्याकडच्या नमुना सहीशी जुळेना. नमुना १९८१चा, ठळक, झोकदार. स्लिपवरची सही थरथरती, शेवटचं अक्षर खाली घसरलेलं. मी परत करायला लावली, दोनदा. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “सही तीच हाय म्याडम. हात तेवढा बदललाय.”

पहिला मसुदा मी त्याच रात्री लिहिला. सुरुवात : ‘काळाच्या ओघात माणूस किती बदलतो! नाती बदलतात, गावं बदलतात...’ आजोबा तिसऱ्या परिच्छेदात आले. शेवट : ‘सही बदलली तरी माणूस तोच असतो, हे त्या आजोबांनी मला शिकवलं.’ घरात वाचून दाखवला, सगळ्यांना आवडला. लेख घरात सगळ्यांना एकदम आवडला की मी हल्ली सावध होते.

या मसुद्यात बिघडलं काय? आजोबांच्या तोंडचं वाक्य इतकं नेमकं होतं आणि मी त्याच्या आधी व नंतर तेच, पातळ करून सांगितलं होतं. ही सवय शाळेतली. प्रस्तावना, मध्य, समारोप. ‘मी फुलपाखरू झालो तर’ लिहितानाही शेवटी निसर्ग वाचवायचा असतो. निबंध या शब्दातच बांधणं आहे. फ्रान्समध्ये मोंतेन या लेखकाने १५८० साली असं लेखन छापलं तेव्हा त्याने त्याला ‘एसे’ हे नाव दिलं, त्याचा अर्थ प्रयत्न करून पाहणं, अजमावणं. लहान लेखाने त्या अर्थाकडे झुकावं असं माझं मत आहे. बांधून शाळेत दिलेत तेवढे पुरे.

दुसरा मसुदा दोन आठवड्यांनी. उपदेश काढून टाकला आणि तपशील भरले : त्या दिवशी लाइन डाउन होती, पंख्याचा आवाज, मागे रांगेत कोण कोण, माझ्या डब्यात काय भाजी. बाराशे शब्द झाले. खरं होतं सगळं, पण आजोबांचं वाक्य आलं तेव्हा वाचणारा दमलेला असायचा. तपशील तपासायची माझी एक रीत आहे : प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून विचारायचं, ही काढली तर आजोबांचं काही जातं का? पंखा काढला, काही गेलं नाही. भाजी गेली. रांग ठेवली, कारण मागच्यांच्या चुळबुळीमुळेच मी घाई केली होती.

तिसरा मसुदा तीन महिन्यांनी, वहीतली खूण सापडल्यावर. यावेळी मी एक प्रश्न विचारला जो आधी सुचलाच नव्हता : मी त्या वेळी कुठे होते? उत्तर सोपं. मी काचेच्या आत होते, आणि माणूस स्वतःचेच पैसे माझ्याकडे मागत होता. मग लेख १९८१च्या नमुना सहीच्या कार्डापासून सुरू झाला. ‘परत करा’ हे मी दोनदा म्हणाले, ते दोन्ही वेळा जसंच्या तसं ठेवलं. ‘आजोबा’ हा शब्द काढला, कारण काउंटरवर मी त्यांना आजोबा म्हटलंच नव्हतं, खातेदार म्हणूनच बघत होते. आणि वहीत धूळ खात पडलेला एक तपशील वर आला : नवीन नमुना सही घ्यायची म्हणून मी त्यांना एक बाद झालेली स्लिप दिली, त्यांनी तिच्या पाठीवर सात वेळा सही केली, सातही निराळ्या. यातली कुठली धरू, असं मी विचारलं. ते म्हणाले, “तुमास्नी आवडंल ती ठेवा.”

लेख तिथे थांबला. पाचशे सत्तर शब्द. तो छापून आला तेव्हा पहिल्यांदा ओळखीच्या एकीचा फोन आला की नाव वाचायच्या आधीच कळलं हा तुझा.

तुमच्या एखाद्या जुन्या, फसलेल्या लेखावर हे करून बघा. तीन मसुद्यांत निदान दोन महिन्यांचं अंतर हवं. आधीचा मसुदा समोर ठेवून दुसरा लिहू नका. मिटून ठेवा आणि आठवणीने लिहा. जे आठवणार नाही ते बहुधा लागणारही नाही.

सुरुवात, शेवट, लांबी

सुरुवातीसाठी एक ढोबळ उपाय : लेख पुरा झाला की पहिला परिच्छेद झाकून वाचा. दहापैकी सातआठ वेळा लेख दुसऱ्यापासून बरा सुरू होतो. पहिला परिच्छेद म्हणजे तुम्ही खुर्ची ओढून बसलात त्याचा आवाज.

शेवटाबाबत माझा अनुभव कडू आहे. एका नियतकालिकात माझ्या लेखाखाली कुणीतरी दोन ओळी जोडल्या, ‘खरंच, आयुष्य किती अनमोल आहे’ अशा धाटणीच्या. अभिनंदनाचे निरोप आले ते त्याच ओळींसाठी. रागावले, मग माझे आधीचे लेख काढून पाहिले, तर तशा ओळी मीच कितीतरी वेळा लिहिलेल्या. तेव्हापासून शेवटची ओळ मी वेगळ्या कागदावर लिहिते आणि लेखाला जोडायची की नाही ते सकाळी ठरवते.

लांबी विषयाने ठरते हे पुस्तकी उत्तर. रकान्याची जागा आधी ठरलेली असते. तीनशे शब्दांत एक वस्तू आणि एक वाक्य मावतं. सहाशेत एक प्रसंग आणि तुमचं त्यात असणं. हजारात दोन प्रसंग एकमेकांवर घासता येतात, पण दुसरा प्रसंग पहिल्याचा भाऊ असेल तर तो घेऊ नका. मोठ्याने वाचा, सहाशे शब्दांना मला पाच मिनिटांच्या आसपास लागतात, आणि जिभेला जिथे ठेच लागते ते वाक्य हमखास मोडायचं असतं.

‘केले’ की ‘केलं’

हा प्रश्न नवशिक्यांना फालतू वाटतो, पण मराठीत लिहिणाऱ्याचा आवाज निम्मा इथेच ठरतो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी १९६२मध्ये ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशा शब्दांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार घालवले. बोलताना आपण म्हणतो त्या ‘असं’, ‘केलं’, ‘घर झालं’ यावरचा अनुस्वार मात्र निराळा. तो उच्चार दाखवतो. ‘केले’ लिहिलं की वाक्य जरा ताठ बसतं, ‘केलं’ लिहिलं की मांडी घालून बसतं. माझ्या काउंटरच्या लेखांत मी एक प्रयोग केला : बँकेचं बोलणं ‘केले’ने, घरचं ‘केलं’ने. जमला एकदाच, नंतर सोडून दिला. तुम्ही एक निवडा आणि लेखभर पाळा. एका परिच्छेदात ‘गेले’ आणि पुढच्यात ‘आलं’ असेल तर वाचणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण खटकेल.

बोलीचा मोह आवरा. माझ्या भागातली बोली मला येते, म्हणून सगळा लेख तिच्यात लिहिला तर तो नाटकातल्या गड्यासारखा वाटू लागतो. जी बोली तुम्ही झोपेतून उठल्यावर बोलता, तिच्यात अख्खा लेख लिहा, हक्काने. बाकी वेळी ती बोलणाऱ्याच्या अवतरणात राहू द्या.

पाठवणं

दोन वाचक शोधा. एक लिहिणारा, एक न लिहिणारा. ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, ‘कुठे कंटाळा आला?’ विचारा. न लिहिणाऱ्याच्या उत्तरावर जास्त भरवसा ठेवा.

पाठवताना मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला असू द्या. जुन्या फाँटमधली फाइल समोरच्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. सोबत पीडीएफ जोडा. पत्र दोन ओळींचं : लेखाचं नाव, शब्दसंख्या, पूर्वी कुठे छापलेला नाही. लेख कसा सुचला ते लिहू नका. एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी. नकार बहुतेक वेळा येतच नाही, नुसती शांतता असते. मी दोन महिने थांबते, एक आठवण करते आणि मग दुसरीकडे पाठवते. यासाठी एक रजिस्टर ठेवा; माझं आडव्या रेघांचं आहे, बँकेच्या सवयीने.

दिवाळी अंकांचं गणित वेगळं. का. र. मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीला संपतं. ऑक्टोबरात पाठवलेला लेख पुढच्या वर्षाचा धरा. पावसाळा सुरू होतानाच तयारी हवी आणि दिवाळीवरचा लेख तर चुकूनही पाठवू नका, तसे गठ्ठ्याने येतात.

सदराचं आमिष

चार लेख गाजले की कुणीतरी विचारतं, दर आठवड्याला लिहाल का? लगेच हो म्हणू नका. सहा लेख आधी पुरे लिहून ठेवा आणि पुढच्या तीस लेखांची यादी करा, प्रत्येकी एक ओळ. ओळीत भाववाचक नाम नको, हाताला लागणारी गोष्ट हवी.

मला विचारलं गेलं तेव्हा मी ऐटीत यादी नेली. पाऊस, एकटेपण, जुन्या आठवणी, माणुसकी. पुरवणी पाहणाऱ्या बाईंनी ती समोर ठेवून पेनाने एकेक ओळ खोडत नेली, मान वर न करता. चौदाव्या ओळीशी पेन थांबलं. तिथे मी, बहुधा तीस भरायचे म्हणून, लिहिलं होतं : ‘काउंटरवरच्या पेनाला बांधलेला दोरा’. त्यांनी विचारलं, “दोरा कोण बांधतं?” मी म्हटलं, मीच. पहिला लेख त्याचा द्या, म्हणाल्या.